काचेतलं ऊन

मनकर्णाचा नवरा तिच्यापेक्षा देखणा होता, आणि लुगडं नेसला की विचारूच नका. हे ती स्वतःच चारचौघींत सांगून टाकायची, त्यामुळे तिला त्यावरून चिडवण्यात फारशी मजा उरलेली नव्हती. तरी बोरटोल्याच्या विहिरीवर गुणाबाई आपला हट्ट सोडत नसे.

"काऊन व मनकर्णे, राणीसाहेब उठल्या का नाई अजून?"

"रातभर राज्य केलं ना बाई, आता झोपून राह्यली राणी."

"मंग त्या राज्यात तू कोण होय? दासी?"

"दासीच होय. पण राणीले भात दासीच वाढते. तिनं नाई वाढला त राणी उपाशी."

यावर बायका हसत, गुणाबाईही हसे, आणि मनकर्णा घागर कमरेवर घेऊन घरी येई. तिचा नवरा झिंगू भोयर हा भैयाजींच्या नाटक मंडळातला बाईचं काम करणारा गडी. सावली गावाकडच्या धानाच्या पट्ट्यात भाऊबीजेपासून गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, आणि मंडई म्हटली की रात्रभर नाटक हे ठरलेलंच. त्या काळी घरंदाज बाई पडद्यासमोर उभी राहत नसे. राणी, सून, सवत, जी कोणी बाई लागेल ती पुरुषानंच व्हायची. झिंगू पोरगेला असल्यापासून होत आला होता. दोन बोटांनी पदराची कड उचलून तो अशी मान वळवायचा की सावलीच्या शाळकरी पोरी घरी जाऊन आरशासमोर तसा पदर उचलून पाहायच्या. पुरुषांनी शिट्ट्या मारणं सोपं आहे. बायका जेव्हा एखाद्या पुरुषाकडून बाईपण उचलतात, तेव्हा त्या माणसात काहीतरी आहे असं समजावं.

त्याला लुगडं मनकर्णा नेसवायची. लग्नातलं लाल, काठाचं. स्वतः तिनं ते लग्नानंतर अंगाला लावलेलं नव्हतं. निऱ्या तिच्या, अंबाडा तिनं बांधलेला, कुंकू तिच्या बोटाचं. चेहरा तेवढा त्याचा. हेवा वाटत नव्हता असं म्हणणं खोटं होईल. वाटायचा, कधीमधी. पण एखादीला नवऱ्याच्या कुस्तीचा अभिमान असतो, एखादीला त्याच्या बैलजोडीचा. हिला त्याच्या गालांचा होता.

आणि त्या गालांवरच मुरमं उठली.

पंचविशी उलटल्यावर मुरमं कशी उठतात, असा प्रश्न गावातल्या शहाण्यांनी केला. उत्तर डोळ्यांसमोर होतं. मंडईच्या दिवसांत चेहऱ्यावर रोज उलटसुलट वस्तरा, वर खोबरेलात कालवलेला सफेद्याचा थर, त्यावर हिंगूळ, आणि पहाटे ते सगळं राखाडी फडक्यानं खरवडून काढायचं. म्हशीची कातडीसुद्धा फुटली असती. आधी हनुवटीवर दाणे आले, मग गालांवर गाठी, लाल, ठसठसणाऱ्या, पिकून फुटणाऱ्या. त्या झाकायला सफेदा आणखी जाड लागायचा, आणि जाड सफेद्याखाली गाठी आणखी वाढायच्या. हळद झाली, कडुलिंब झाला, चुलीतली गरम राख झाली. शेवटी सावलीच्या मंडईत, राणी वनवासाला निघते त्या प्रवेशात, सगळी बायामाणसं डोळ्यांना पदर लावून बसलेली असताना मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, राणीले माता आली!"

माता म्हणजे देवी. सगळा मांडव हसून फुटला. झिंगूनं तो प्रवेश पुरा केला, गाणंही म्हटलं, पण घरी येताना गाडीत तो घोंगडीखाली तोंड घालून बसला.

भैयाजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी झिंगूला पायरीवर बसवून, चहा देऊन सांगितलं.

"झिंगू, येत्या साली वडसाच्या मंडईत आपला खेळ ठरून राह्यला. थ्या गावी रेल्वे हाय, भंडाऱ्याचे लोक येते, नागपूरचे येते. गॅसबत्त्या लावते थे लोक, सात-आठ. थ्या उजेडात तुया चेहरा..."

"दिवाळीपर्यंत साफ होते, भाऊ."

"झाला त राणी तूच होय. नाई झाला त गोंदियाकडं एक बाई हाय, अन्नपूर्णा नावाची. खरीच बाई. गाते बी. लोकं सांगून राह्यले मले."

खरीच बाई. झिंगूनं चहा अर्धा ठेवला.

उपायही भैयाजींनीच काढून दिला. त्यांच्या नातवाचे पाय मुडदुसानं वाकले होते आणि चांद्याच्या डॉक्टर देशकरांनी त्याला विजेच्या दिव्यासमोर बसवून बसवून उभं केलं होतं. तोच दिवा म्हणे कातडीच्या दुखण्यांवरही चालतो. मग काय, धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, आटोपल्यावर शेताची बांधी कापणीपर्यंत झिंगूच्या भावाच्या हवाली करून नवराबायको मूल गावी गेले, तिथून छोट्या रेल्वेगाडीनं चांद्याला, आणि जटपुरा वेशीच्या आत मनकर्णाच्या रुखमाबाई मावशीकडे उतरले. मावशी बिड्या वळायची. मनकर्णा तिच्या शेजारी सूप घेऊन बसली आणि वळू लागली. त्यातून दोघांचं खाणं निघायचं.

डॉक्टर देशकर नागपूरला शिकलेले, बारीक अंगाचे, बोलण्यात तुटक. त्यांनी झिंगूची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे फिरवला.

"काय लावतोस याला?"

झिंगूनं सगळी यादी म्हटली. राख आली तेव्हा डॉक्टरांनी डोळे मिटले.

"आजपासून सगळं बंद. वस्तरासुद्धा जपून. इथे यायचं ते चेहरा स्वच्छ धुऊन. कळलं?"

दिवा आतल्या खोलीत होता. लोखंडी दांड्यावर पितळी टोपण, आणि त्यात काचेची वाकडी नळी, तिच्यात पारा. कंपाउंडर इब्राहीमनं झिंगूच्या डोळ्यांवर काळा चष्मा बांधला, दोरीनं दिव्याचं आणि गालाचं अंतर मोजलं आणि खटका दाबला. आधी काही नाही, मग नळी जांभळी पेटली आणि वीज पडून गेल्यावर शिवारात येतो तसा वास खोलीत पसरला. दारातून पाहणारी मनकर्णा दोन पावलं मागं सरली.

"चष्मा निकालना नाई हां भाऊ," इब्राहीम म्हणाला, "नाई त राणी आंधळी होऊन जाईल, मंग आंधळ्याचा पार्ट मिळेल तुमाले."

"आंधळी राणी बी चालते, मियाँ. डागाची नाई चालत."

डॉक्टर हसले नाहीत, पण मनकर्णाला दारात घाबरलेली पाहून त्यांनी तिला आत बोलावलं. "घाबरू नका. हे ऊनच आहे. उंच पहाडावर जसं कडक ऊन असतं ना, तसं. आम्ही ते काचेत धरलंय, एवढंच."

काचेतलं ऊन. हे मनकर्णाच्या डोक्यात पक्कं बसलं. डॉक्टर सोपं करून सांगायला गेले. आणि त्यांनी सांगितलं ते खरंच होतं, त्यात त्यांची काही चूक नाही.

आठवड्यातून दोनदा झिंगू त्या उन्हासमोर बसू लागला. दर खेपेला थोडा जास्त वेळ. पहिले काही दिवस चेहरा नुसता तांबूस व्हायचा. मग कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटू लागली, गाठी बसू लागल्या, पिकणं थांबलं. महिन्याभरात हनुवटी मोकळी झाली. झिंगू मावशीच्या ओसरीवर बसून, बिडीचं पान दोन बोटांत धरून, राणीच्या आवाजात म्हणायचा, "दासी, आमच्या मुखकमलाकडे जरा पाहा बरं." मावशी हसून हसून ठसका लागेपर्यंत खोकायची. मनकर्णा पाहायची. हनुवटी छान, कपाळ छान, पण गाल अजून नव्हते झाले. डाव्या गालावर तर मुठीएवढी जागा उठलेलीच.

आणि दिवाळी जवळ आली.

"डॉक्टरसाहेब, जरा जास्ती वेळ बसवून पाहा ना मले," झिंगूनं हात जोडले. "वडसाची मंडई तोंडावर आली."

"मंडईसाठी कातडी घाई करत नाही. जास्त बसवलं तर भाजेल. दोन-तीन महिने लागतात, तेवढे लागणारच."

"मंग राणीचं काम जाते, साहेब."

"गेलं तर पुढच्या वर्षी कर." डॉक्टरांना वाटलं, आपण धीर दिला.

पुढचं वर्ष नव्हतंच. एकदा ती गोंदियाची बाई वडसाच्या गॅसबत्तीत उभी राहिली की झिंगूला कोण विचारणार, हे मनकर्णाला कळत होतं, झिंगूला कळत होतं. डॉक्टरांना कळायचं काही कारण नव्हतं. त्यांनी नाटक कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर झिंगू जेवला नाही. भिंतीकडं तोंड करून निजला.

इथं मनकर्णानं डोकं चालवलं. पुढचं ऐकून कोणी म्हणेल की अडाणी बाईनं काहीबाही फासलं. ते साफ खोटं आहे. तिनं जे केलं ते विचार करून केलं, आणि विचार सरळ होता.

तिचं माहेर धानोऱ्याकडचं, रानातलं. तिच्या धाकट्या भावाच्या, कोलूच्या हातावर लहानपणी पांढरे चट्टे उठले होते. पोचू नावाच्या गोंड वैदूनं बावचीच्या बिया तेलात वाटून लावायला दिल्या आणि रोज सकाळी कोलूला कोवळ्या उन्हात बसवायला सांगितलं. आईनं विचारलं, नुसती लावली तर नाही का चालणार? वैदू म्हणाला, "बावची एकटी मुकी होय, बाई. ऊन पाह्यलं का बोलते." आणि बोलली. कोलूचे चट्टे भरून आले. ऊन एकटं जे वर्षभरात करणार नाही ते बावचीसोबत दिवसांत करतं, हे मनकर्णानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

डॉक्टरांजवळ ऊन होतं. बावची नव्हती. कमी काय पडतंय ते तिला दिसलं.

परकोटाजवळ खैरुनबीचं जडीबुटीचं दुकान होतं. खैरुनबीनं बिया तोलून देताना विचारलं, "कोड है क्या किसी को?"

"हो," मनकर्णानं सांगितलं. उगाच लांबण कशाला.

"धूप में थोडाच बिठाना, बेटी. सकाळचं ऊन. जास्ती नाई."

दिव्यासमोर तर थोडाच वेळ बसायचं असतं. मनकर्णाला ते बरोबरच वाटलं.

झिंगूनं आधी नको म्हटलं. "डॉक्टर म्हणे काही लावू नोको."

"धुऊन जाजा ना. धुतल्यावर कुठी काय राह्यते? जेवढी आत गेली तेवढीच कामाची."

"अन् साहेबानं पुसलं त?"

"पुसलं त म्हणजा मावशीकडचं उटणं होय." मग आवाज मऊ करून, "मी कोलूचा हात पाह्यला. तुमी नाई पाह्यला. एकडाव लावून त पाहा."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्याला दुसऱ्या कोणी बोट लावलेलं त्याला चालत नसे, भैयाजींनासुद्धा नाही. तिच्यासमोर त्यानं गाल पुढं केला. पहाटे तिनं दोन्ही गालांवर, कपाळावर, नाकाच्या बाजूंना बावची चोळली, आणि निघायच्या आधी बेसनानं स्वच्छ धुऊन काढली. वास तेवढा थोडा राहिला. इब्राहीमनं दोरी लावली, खटका दाबला, नळी जांभळी झाली. ठरलेला वेळ, त्याहून जास्त नाही. नंतर दोघं भर दुपारचं चालत घरी आले.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही सकाळी काही नाही. झिंगूनं आरसा पाहून "थोडी चमक आली व" म्हटलं. संध्याकाळी चेहरा तापला. रात्रीत तो लाल झाला, आणि तिसऱ्या दिवशी गालांवर, कपाळावर फोड उठले, पाण्यानं भरलेले, उकळत्या तेलानं उठावेत तसे. डोळे सुजून मिटले. ओठ हलेनात. मावशीनं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून मागच्या दारानं बाहेर गेली.

डॉक्टर देशकर स्वतः घरी आले. त्यांनी वाकून पाहिलं आणि त्यांच्या तोंडाचं पाणी पळालं. इब्राहीमकडं वळून म्हणाले, "अंतर मोजलं होतंस?"

"खुदा की कसम साहेब, दोरीनंच."

मग ते झिंगूकडं वळले. "चेहऱ्याला काही लावलं होतंस का? खरं सांग. काहीही. पाला, तेल, काहीही."

मनकर्णा दाराला टेकून उभी होती. तिच्या बोटांना अजून तो वास होता, निदान तिला तरी येत होता. तिनं तोंड उघडलं. झिंगूनं सुजलेल्या फटीतून तिच्याकडं पाहिलं आणि तिच्या आधी बोलला.

"नाई साहेब. कायबी नाई लावलं."

तो असं का म्हणाला, हे तिला लगेच कळलं. दारात मावशीच्या आळीतल्या चार बाया जमल्या होत्या. नवऱ्याहून कमी देखणी बायको, नवरा लुगडं नेसला की लोक त्याच्याकडं पाहतात, आणि तिनंच त्याच्या तोंडाला रानातलं काही फासलं, ही गोष्ट बोरटोल्यात पोचायला छोटी गाडीसुद्धा लागली नसती. "बाईनं नवऱ्याचं रूप खाल्लं." रानाकडच्या माहेराच्या बाईबद्दल लोक पुढं काय म्हणतात, तेही दोघांना ठाऊक होतं. म्हणून तो नाही म्हणाला. आणि मनकर्णानं उघडलेलं तोंड मिटलं.

डॉक्टरांनी थंड पाण्याच्या पट्ट्या सांगितल्या, मलम दिलं, पैसे घेतले नाहीत. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "माझा हात चुकला. तुझी माफी मागतो." एवढा शिकलेला माणूस आपल्या नवऱ्याची माफी मागतोय, हे मनकर्णानं उभ्या उभ्या ऐकलं. पण तेव्हाही ती बोलली नाही.

फोड फुटले, सुकले. गावाकडं धान कापणीला आलं होतं, म्हणून दोघं परतले, आणि झिंगू डोक्याला फडकं गुंडाळून उन्हात कापणीला उभा राहिला. लोकांनी तोंड पाहू नये म्हणून तो बांधीतच दिवस काढायचा. खपल्या पडल्या आणि खालून निघाली ती काळीभोर कातडी. जिथं जिथं बावची लागली होती तिथं तिथं काळं; गालांवर दोन मोठे डाग, कपाळावर आडवे पट्टे, मनकर्णाची बोटं जशी फिरली होती तसेच. आणि त्या डागांखाली मुरूम एकही नव्हतं. हात फिरवला तर गाल तुळतुळीत.

भैयाजींनी सफेदा लावून पाहिला. नव्या कातडीला तो सोसेना, झिंगूच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि पांढऱ्याखालून काळं दिसतच राहिलं.

"खेळात राक्षसाचं काम हाय," भैयाजी हळूच म्हणाले. "अशा चेहऱ्याले..."

"नाई, भाऊ."

"मंग पडद्यामांगं बैस. अन्नपूर्णाले सारं पाठ नाई. तुले हाय."

वडसाच्या मंडईला मनकर्णा गेली. न जाणं तिला जमलं असतं, पण तिनं ते करायचं नाही असं ठरवलं. बायकांच्या बाजूला, गॅसबत्त्यांच्या आवाजात, ती गुणाबाईशेजारी पोत्यावर बसली. अन्नपूर्णा आली आणि मांडवात आधी शांतता झाली आणि मग असा गजर झाला की बैल बुजले. चांगली होती बाई. रंगानं सावळीच, आवाज मोकळा. खोटं कशाला बोला. राणी वनवासाला निघाली तेव्हा बायका रडल्या.

पण मनकर्णाला दुसराच आवाज ऐकू येत होता. अन्नपूर्णा ओळ म्हणायच्या आधी श्वासभर, डाव्या पडद्यामागून तीच ओळ कोणीतरी दबक्या आवाजात पुढं सरकवत होतं. प्रत्येक ओळ. गाण्याच्या मधोमध ती बाई अडली, पेटीवाला तीच ओळ फिरवत राहिला, आणि पडद्यामागचा आवाज थोडा वर चढला. तो राणीचा होता. बाकी कोणाला कळलं नाही. अन्नपूर्णानं धागा पकडला आणि टाळ्या पडल्या.

"काऊन रडून राह्यली व?" गुणाबाईनं विचारलं. या खेपेला तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "सारेच रडून राह्यले," मनकर्णा म्हणाली.

उन्हाळ्यात ती एकटीच चांद्याला गेली. मावशी आजारी आहे असं सांगून. मावशीला काही झालेलं नव्हतं. ती थेट डॉक्टरांकडं गेली आणि बाकावर नंबर लावून बसली. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. दिव्यावर चादर टाकलेली, चादरीवर धूळ.

तिनं सगळं सांगितलं. कोलू, वैदू, खैरुनबी, पहाटेचं चोळणं, बेसन. डॉक्टरांनी मध्ये एकही शब्द टाकला नाही. संपल्यावर म्हणाले, "बावची मला माहीत आहे. कोडावर मीही देतो. त्या दिवशी एवढंच का नाही सांगितलंत?"

मनकर्णाच्या डोळ्यांसमोर दारात जमलेल्या त्या चार बाया आल्या.

"सांगितलं असतं," डॉक्टरांचा आवाज चढला, "तर मी त्याला काळोखात ठेवला असता. खिडक्या बंद करून. उन्हाचा कणसुद्धा लागू दिला नसता. बावची कातडीत असेपर्यंत प्रत्येक ऊन म्हणजे दिवाच. आणि पुढे उन्हानंच डाग पक्के होतात. तुम्ही त्याला कापणीला उभा केलात! डाग पडले असते, पण इतके नाहीत. हलके. मंडईपर्यंत कदाचित पावडरीखाली झाकलेसुद्धा गेले असते."

मनकर्णाला वाचवायला झिंगू नाही म्हणाला होता, आणि त्या नाहीनंच त्याचा चेहरा उन्हात नेला होता. हे तिच्या आत उतरायला वेळ लागला.

"आणि मी," डॉक्टर चादरीकडं पाहत म्हणाले, "मी समजलो माझाच हात गेला. किती पोरं परत पाठवली मी." मग त्यांना तिचा चेहरा दिसला असावा. ते थांबले. मग आवाज उतरवून म्हणाले, "डाग जातील. भाजल्यापासून वर्ष-सव्वा वर्ष. जातील मात्र." आणि इब्राहीमला हाक मारून चादर काढायला सांगितली.

परतताना ती छोट्या गाडीत खिडकीशी बसून होती आणि घरी जाऊन सगळं सांगायचं, असं तिनं मूल स्टेशन येईपर्यंत ठरवलं होतं. सांगायला बसली तेव्हा झिंगूनं तिच्या तोंडाकडं पाहून विचारलं, "मावशी बरी हाय ना?" आणि तिनं फक्त एवढंच सांगितलं की डॉक्टर भेटले होते, डाग जातील म्हणतात. उरलेलं तिनं त्याला कधीच सांगितलं नाही. मरेपर्यंत.

डाग खरंच गेले. पावसाळाभर फिकट होत गेले, रोवण्यात चिखलानं माखलेला चेहरा त्यानं धुतला की दर खेपेला थोडे कमी दिसायचे, आणि पुढच्या दसऱ्याला झिंगूचा चेहरा असा निघाला होता की बायका वळून पाहत. मुरूम नाही, वळ नाही, डाग नाही. त्या दिव्यानं, त्या बावचीनं, नाहीतर नुसत्या काळानं, कोणी का केलं असेना, काम पुरं झालं होतं.

झिंगू स्वतःच भैयाजींकडं गेला. मनकर्णा सोबत होती, बाहेर उभी.

भैयाजींनी त्याचा चेहरा दोन्ही बाजूंनी पाहिला. "साफ झाला गा. पह्यल्याहून साफ." मग त्यांनी पानाचा डबा उघडला, बंद केला. "पण झिंगू, लोकाले आता बाईच पाह्यजे. सावलीवाले पुसून राह्यले, बाई हाय ना खेळात? सिंदेवाहीवाले बी तेच पुसते. मी काय करू? माणूस उभा केला त लोक हासते आता. चेहऱ्याची गोष्ट नाई राह्यली."

"नाई राह्यली," झिंगू म्हणाला, आणि भैयाजींच्या पाया पडून बाहेर आला.

त्यानंतर त्यानं मिशी राखली. आधी ती तुरळक होती, मग भरली. कापणी तोंडावर आली तेव्हा एका सकाळी न्हाव्याकडून कोरून घेऊन तो आला आणि अंगणात मनकर्णासमोर उभा राहिला.

"कशी दिस्ते?"

"चांगली दिस्ते."

"खरं सांग."

"खरंच चांगली दिस्ते जी."

खरंच शोभत होती. अख्ख्या झाडीपट्टीत असा चेहरा दुसरा नव्हता. तो आणखी काहीतरी ऐकायला थांबला होता, तिला ते कळलं, पण तिनं विळा उचलला आणि बांधीची वाट धरली. भैयाजींच्या मंडळाची गाडी त्या सकाळी वडसाकडं निघणार होती, याच वाटेनं, आणि ती नजरेला पडू नये म्हणून मनकर्णाला ती यायच्या आत पलीकडच्या धानात जायचं होतं.